क्लॅम्प गळ्यात

४ जून

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार घालायला कंबर तयार नाही, तेव्हा उभ्यानेच नमस्कार. सहा-सहा तास हार्ट-लंग मशीनच्या पंपाशेजारी उभं राहून तुझ्या भाचीची पाठ तुझ्याहून म्हातारी झाली आहे. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी तू ऐकतोस कुठे? मामी मध्ये दुभाषी होते आणि निम्मं स्वतःच्या मनाचं सांगते. त्यापेक्षा पत्र बरं.

लहान मुलांच्या हृदयाचा आमचा नवा विभाग सुरू होऊन आठ महिने झाले, आणि पंपाची खोली माझ्या ताब्यात आहे. परवा अडीच किलोचं बाळ हार्ट-लंग मशीनवर घेतलं. मी तुझ्या हाताखाली शिकत होते तेव्हा तू तुझ्या सुरुवातीच्या दिवसांचं सांगायचास, असं बाळ आलं की तू कपाळाला हात लावायचास, आठवतं? बाळाच्या अंगात रक्त जेमतेम एक पेलाभर, आणि आपल्या नळ्या नि भांडं भरायलाच त्याच्या दुप्पट लागायचं. रक्त नुसतं उताराने खाली यायचं, म्हणून भांडं जमिनीलगत आणि नळ्या लांबलचक. आता भिंतीवरचं सक्शन भांड्याला जोडते आणि रक्त हलकेच ओढून घेते. भांडं बाळाच्या उंचीला आलं, नळ्या हातभर झाल्या. बाहेरचं रक्त कितीतरी कमी लागतं.

आणि सक्शन जोडायला अजून तुझाच फाटा. कंपनीचा सेफ्टी व्हॉल्व्हवाला संच मी तीनदा मागितला. वरून उत्तर येतं, 'चालतंय ना? मग?' चालतंय खरं. तीन तोंडांचा प्लास्टिकचा तुकडा. एक तोंड भिंतीकडे, एक भांड्याकडे, तिसरं उघडं. तिसऱ्यावर क्लॅम्पचा चिमटा लावला की भांड्यात ओढ तयार होते, काढला की गेली. इतकं साधं, पण सुचलं फक्त तुला. माझ्यामुळे इथे सगळे त्याला 'मामांचा फाटा' म्हणतात, मोठे डॉक्टरसुद्धा.

एक गंमत सांगते, रागावू नकोस. सक्शन बंद केलं की क्लॅम्प फाट्यावरून काढायचा, गळ्यातल्या लाल दोरीत अडकवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, 'क्लॅम्प गळ्यात.' हा तुझा नियम मी इथे लावला तर माझ्या हाताखालच्या सगळ्या मुली हसायला लागल्या. एकीने विचारलं, मॅडम, गळ्यात घंटा पण बांधू का? तपासणीची यादी एका पानात बसवायची होती, तेव्हा ती ओळ मी काढून टाकली. कारण काय होतं रे त्या नियमाचं? चार वर्षं तुझ्याकडे शिकले आणि विचारायचं राहूनच गेलं.

तुझी
ठमी


१५ जून

चि. ठमे, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीने आधी फोडलं, वाचलं, मग मला दिलं. या घरातली सेन्सॉरची नोकरी कायमची आहे, तिला निवृत्ती नाही. घंटा बांधू का विचारणारीला सांग, बांध, म्हणजे तू कुठे चरायला जातेस ते तरी कळेल.

ती ओळ परत घाल. आजच्या आज. कारणबिरण विचारू नकोस. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघतेस ना? ते काय कुणी व्याख्यान देऊन शिकवलं? ही तशीच सवय. चार वर्षं तुला पंपाशी उभं केलं, तेवढा हक्क मला आहे. आणि व्हॉल्व्ह चौथ्यांदा माग. फाटा गुणी आहे, पण आपलं लक्ष हललं की तो माफ करत नाही.

आता माझी बातमी. आमच्या हॉस्पिटलने शिकणाऱ्या मुलांच्या नव्या खोलीला माझं नाव द्यायचं ठरवलं आहे. ऑक्टोबरच्या १२ तारखेला समारंभ. काचेच्या कपाटात फाटा ठेवणार म्हणे. मामी म्हणते, फाटा कशाला, यांनाच ठेवा, घरात जागा होईल. तू यायचंस. भाषणात तुझा उल्लेख करणार आहे. आयुष्यभर मी सर्जनच्या पाठीमागे उभा राहिलो, फोटोत माझं कोपरसुद्धा कधी आलं नाही. म्हातारपणी दारावर नाव लागतंय, तर बरं वाटतंय, लपवू कशाला?

तुझा
मामा


३ जुलै

प्रिय मामा,

अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन! मी पहिल्या रांगेत बसणार आणि सगळ्यात आधी टाळ्या वाजवणार.

व्हॉल्व्ह चौथ्यांदा मागितला. उत्तर: 'पुढच्या वर्षी बघू.' त्या ओळीचं म्हणशील तर याद्यांचा मोठा गठ्ठा छापून आलाय. तो संपला की नव्या यादीत घालते. तोवर लक्षात आहे की माझ्या. तुझ्या हाताखाली शिकलेली माणसं विसरत नाहीत.

तुझी
ठमी


२३ ऑगस्ट

मामा,

हे पत्र तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

गेल्या गुरुवारी सात महिन्यांची मुलगी होती. पाच किलो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं भोक बुजवायचं, आमचं नेहमीचं काम. भोक बुजलं, हृदय पुन्हा चालू लागलं. फुप्फुसांच्या बाजूला ताण येऊ नये म्हणून वरच्या कप्प्यांमधलं बारीक छिद्र सर्जननी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. ते म्हणाले, 'सक्शन बंद.' मी भिंतीवरचं सक्शन बंद केलं. तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट विचारला. मी मान वळवून आकडे वाचून दाखवले. क्लॅम्प फाट्यावरच राहिला.

पुढचं तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण रोज मी स्वतःला तेच सांगतेय. भांडं सगळीकडून बंद. छातीत सांडलेलं रक्त खेचणारे छोटे पंप चालूच होते, ते रक्ताबरोबर हवाही भांड्यात कोंबत होते. त्या हवेला बाहेर पडायला एकच वाट उरली, बाळाकडून येणारी नळी. भांड्यातली पातळी खाली होती. मी मान परत वळवली तर नळीत फेस, आणि तो उलटा, बाळाकडे चाललेला. मी ओरडले, नळी हाताने पिळून धरली, फाट्यावरचा क्लॅम्प उपटला. आठ सेकंद. कदाचित दहा. हवा त्या छिद्रातून डाव्या बाजूला गेली आणि तिथून डोक्यात.

मुलगी जिवंत आहे. तिला झटके येतात. डावा हात हलवत नाही. हाक मारली तर बघत नाही. तिची आई बस कंडक्टर आहे. ती रडत नाही, प्रश्न विचारते. 'किती सेकंद?' 'बघायचं काम कुणाचं?' 'तुम्ही बघत होतात का?' मी म्हटलं, 'नव्हते.' हॉस्पिटलच्या वकिलाने मला बाजूला घेऊन झाप झाप झापलं, की इतकं खरं बोलायला तुला कुणी सांगितलं.

चौकशी समिती बसली आहे. तू बावीस वर्षं फाटा वापरलास. असं कधी घडलं होतं का? एकदा जरी? समितीचा मुख्य प्रश्न हाच आहे. घडलं असेल तर धोका फाट्यातच आहे, आणि कोंडलेली हवा आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह चारदा मागूनही न देणारेही जबाबदार ठरतात. घडलं नसेल तर धोका म्हणजे फक्त मी. मग नोकरी जाईल आणि परवानाही जाईल. मला सुटायचं नाहीये रे. चूक माझीच आहे. पण ती एकटीची आहे का, एवढंच कळू दे.

ठमी


१ सप्टेंबर

चि. ठमे,

पत्र वाचलं. मामी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू काही मीच तिथे उभा होतो. तू जेवतेस का? झोप लागते का? काही दिवस इकडे येऊन राहा.

तू विचारलंस त्याचं उत्तर. मला असं कधी घडलेलं आठवत नाही. बावीस वर्षांतलं सगळं कुणाच्या लक्षात राहतं?

माझा सल्ला ऐक. चुकले म्हण आणि मान खाली घाल. कारणं सांगणारा माणूस कुठल्याच समितीला आवडत नाही. फाट्याचा विषय काढू नकोस, व्हॉल्व्हचा तर अजिबात नको. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतील. कबूल करून मोकळी हो. दिवस जातात, लोक विसरतात.

आणि एक. फाटा कसा जोडायचा त्याचं मी तुला चित्र काढून दिलं होतं, खाली माझ्या अक्षरात सूचना आहेत. ते असेल तर लगेच पाठव. कपाटात फाट्याशेजारी लावायचं आहे.

तुझा
मामा


१९ सप्टेंबर

मामा,

काल समितीपुढे उभी राहिले. तू म्हणालास तसंच केलं. चुकले म्हटलं. व्हॉल्व्हचं बोलले नाही, फाट्याचं बोलले नाही. पाच मिनिटांत आटोपलं असं वाटलं.

मग अध्यक्षांनी फाइल उघडली. म्हणाले, ज्यांनी हे साधन तयार केलं त्यांचं मत आम्ही मागवलं होतं. अक्षर मी लांबूनच ओळखलं. बावीस वर्षांत एकही अपघात नाही. साधन निर्दोष. वापरणारीला धोका टाळायचा नियम लेखी शिकवला होता, तो तिने स्वतःहून यादीतून काढला. सोबत पुरावे दोन. एक ते चित्र. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलं होतं, घडी पडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत घालून. दुसरा माझं ४ जूनचं पत्र.

समितीतल्या बाईंनी ते पत्र पहिल्यापासून मोठ्याने वाचलं. 'उभ्यानेच नमस्कार' वाचलं, मामी दुभाषी होते ते वाचलं, घंटेचा विनोद वाचला. कुणी हसलं नाही. मुलीची आई भिंतीशी बसली होती, कामावरच्या खाकी कपड्यांत. ती माझ्याकडे बघत होती.

तू लिहिलंस ते खरं आहे, मी ओळ काढली होती. 'मला विचारलंय, मी हे लिहिणार आहे,' एवढं मला आधी कळवलं असतंस तर मी म्हटलं असतं, लिही. पण तू मला गप्प राहायला सांगितलंस, चित्र मागवून घेतलंस आणि केसाने गळा कापलास. दारावरच्या पाटीसाठी? उत्तर पाठव.

ठमी


२७ सप्टेंबर

ठमे बाळा,

हे पत्र मामी लिहितेय, तुझ्या मामांना न सांगता. ते दुपारचे झोपलेत. तुझं पत्र नेहमीसारखं मीच आधी फोडलं. त्यांनी वाचलं, खिशात घातलं आणि उत्तर लिहितो म्हणाले. चार दिवस झाले, समारंभाचं भाषण लिहितायत.

मला त्या नळ्यांतलं काही कळत नाही, पण काय कधी झालं ते माझ्या पक्कं लक्षात राहतं. तू शिकायला आलीस त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे सोळा वर्षांपूर्वी, ते एकदा घरी आले ते खिशात क्लॅम्प घेऊन. जेवायच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, 'हा माझ्या गळ्यात असता तर पोरगा जगला असता.' अकरा दिवस दाढी केली नाही. मग हॉस्पिटलातून एक कागद आला, त्यात लिहिलं होतं की मुलाचं हृदयच कमजोर होतं. तो त्यांनी मला वाचून दाखवला. मग पुन्हा एकदा वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी माझ्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरी मागून घेतली.

मी तेव्हा विचारलं नाही. घर चालवायचं होतं, आणि माणूस नुकताच जेवायला लागला होता. तू जूनमध्ये कारण विचारलंस तेव्हा मी म्हटलं त्यांना, सांगून टाका पोरीला. तर माझ्यावर खेकसले. मी तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही, आणि आता ते लेकरू, न बघताही, माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुझी
मामी


१ ऑक्टोबर

मामा,

मला कळलंय. मामीवर चिडू नका. तिने सोळा वर्षं तुमच्यासाठी तोंड शिवून घेतलं होतं.

समितीची शेवटची बैठक ८ तारखेला आहे. त्यांना एक ओळ पाठवा. 'असं पूर्वी एकदा घडलं होतं.' बाकी काही नको. माझी बाजू घेऊ नका, माझी चूक कमी करू नका. फक्त ती ओळ.

भाची


१४ ऑक्टोबर

चि. ठमे,

८ तारीख उलटून गेली हे मला माहीत आहे. मुद्दामच उलटू दिली, खोटं कशाला बोलू? परवा समारंभ झाला. पुष्कळ लोक आले. पहिल्या रांगेत एक खुर्ची तुझ्यासाठी ठेवली होती. मामी आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली.

आता ऐक. दोन वर्षांचा मुलगा होता, नऊ किलोचा. सक्शन बंद केलं आणि मी मागे वळलो, कारण मागे कुणीतरी विनोद सांगत होतं. तो विनोद मला अजून पाठ आहे. वळून बघेपर्यंत नळीत फेस. तुझ्यासारखाच मी ओरडलो, तुझ्यासारखीच नळी पिळली. पोरगा तिसऱ्या दिवशी गेला. सर्जननी फेस बघितला होता. हात धुताना ते म्हणाले, 'हृदय कमजोर होतं.' मी म्हटलं, 'हो, कमजोरच होतं.' तेव्हा त्यांचंही भागलं आणि माझंही.

कारण सांगितलं असतं तर फाटा त्याच दिवशी बंद झाला असता. त्या काळात दुसरं साधन नव्हतं, आणि पुढे चारशेवर मुलं त्या फाट्यावर निभावली. हे मी स्वतःला रोज सांगतो. पण खरं कारण तेही नाही. मला लाज वाटली. म्हणून नियम तुम्हाला दिला आणि कारण स्वतःजवळ ठेवलं. वाटलं, नियम पुरेल. समितीचं पत्र आलं तेव्हा वाटलं, आता या वयात कशाला? तू तरुण आहेस, सावरशील. मी कुठला सावरतो?

हे सगळं माझ्या अक्षरात आहे, खाली सही केली आहे. समितीला दाखव, नाहीतर फाडून टाक. तुला वाटेल तसं कर, मी नाही म्हणणार नाही.

तुझा
मामा


२ नोव्हेंबर

मामा,

'तुला वाटेल तसं कर.' म्हणजे दाखवलं तर भाचीने मामाला बुडवलं, फाडलं तर भाचीनेही लपवलं. तुम्ही पुन्हा मान वळवून मोकळे.

निकाल तुमच्या पत्राआधीच लागला होता. नोकरी गेली. परवाना तीन वर्षं बंद. मला काढलं त्याच्या नवव्या दिवशी सेफ्टी व्हॉल्व्हचे सहा संच आले. एक मागत होते तर पुढच्या वर्षी बघू म्हणत होते. सांगायला फोन केला तोही त्या घंटावालीने, आणि फोनवर रडत होती.

तुमच्या पत्राच्या झेरॉक्स काढून मी समितीला पाठवल्या. 'प्रकरण बंद झाले आहे,' असं एका ओळीचं उत्तर आलं. जिथे जिथे तुमचा फाटा वापरतात असं मला माहीत आहे त्या प्रत्येक पंपाच्या खोलीतही पाठवल्या. दोन ठिकाणी फाटा काढून टाकला असं कळलं. तुमच्या हॉस्पिटलमध्येही एक प्रत गेली आहे. पाटीचं ते काय करतात ते त्यांचं त्यांनी बघावं.

मग मूळ पत्र घेऊन मी त्या मुलीच्या आईकडे गेले. दुसरा मजला, अरुंद जिना. ती नुकतीच कामावरून आली होती, तिकिटांची पिशवी अजून खांद्याला होती. मुलीला मांडीवर घेऊन भरवत होती. डाव्या बाजूने घास बाहेर येत होता, तो बोटाने परत आत सारत होती. मला बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी दारातच उभी राहून तुमचं पत्र वाचून दाखवलं, पहिल्यापासून सहीपर्यंत. माझ्या चुका मी आधीच सांगितल्या होत्या, त्या पुन्हा सांगितल्या. वाटलं होतं आता शिव्या देईल, मला तरी किंवा तुम्हाला तरी.

तिने एवढंच विचारलं, "त्या मुलाच्या आईला कुणी सांगितलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"म्हणजे ती बाई अजून समजतेय की आपल्याच पोटी कमजोर हृदयाचं जन्मलं."

मामा, मी इतके दिवस माझी नोकरी, माझा परवाना, तुमची ती एक ओळ एवढ्यातच फिरत होते. हा प्रश्न मला सुचला नाही. तुम्हाला सोळा वर्षांत सुचला नाही, की सुचला आणि तुम्ही तोही खिशात घातलात, ते तुमचं तुम्हाला माहीत. गरोदरपणात आपण काय खाल्लं, काय उचललं, कुठे चुकलं, हे ती बाई सोळा वर्षं आठवत बसली असेल.

तिचा पत्ता तुमच्या हॉस्पिटलच्या दप्तरात सापडेल. तिला मी लिहिणार नाही. माझ्या वाट्याचं मी त्या दारात उभी राहून सांगून आले. तुमच्या वाट्याचं तुम्ही सांगा. पत्राने नाही, जाऊन, तिच्यासमोर उभं राहून. ऐकू येत नाही म्हणालात तर मामी बरोबर येईल, मी तिला विचारलं आहे.

सांगून झालं की मला लिहा. तोवर लिहू नका.

तुमची भाची